खुंटीवरचे केस

बारीक आणि पिंजारणारे केस ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांना आयुष्यात सल्ल्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. तेल कमी पडते आहे, तेल जास्त होते आहे, केस फार वेळा धुतेस, पुरेसे धूत नाहीस, उन्हात मोकळे सोडतेस म्हणून खराब झाले, सतत आवळून बांधतेस म्हणून गळायला लागले, असे एकमेकांशी भांडणारे सल्ले मी एकाच लग्नाच्या एकाच पंगतीत ऐकलेले आहेत. त्यातले बहुतेक मायेने दिलेले असतात हे खरे, पण मायेने दिलेल्या सल्ल्यालाही उत्तर द्यावेच लागते. आमच्या परभणीकडच्या बायका बोलायला रोखठोक. "केस असे काय उभे राहायलेत गं, तेल लावीत नाहीस का?" हा प्रश्न मला खुशालीच्या आधी विचारला जाई, आणि आजी तर सरळ म्हणे की पोरीच्या डोक्यावर पिंजलेला कापूस ठेवलाय. कापूस पिकवणाऱ्या घरात ही काही शिवी नव्हती, पण कौतुकही नव्हते.

बारीक केस आणि विरळ केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या बाबतीत त्यांची गल्लत कायम होत आली आहे. माणसाच्या डोक्यावर साधारणपणे एक लाखाच्या आसपास केस असतात. माझ्याही डोक्यावर तेवढे असावेत. फरक आहे तो एकेका केसाच्या जाडीत. केसाची जाडी ढोबळमानाने मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते आणि माझे केस त्यातल्या बारीक टोकाला आहेत, त्यामुळे सगळे केस जमा करून वेणी घातली तरी ती शेवटाला करंगळीएवढीसुद्धा उरत नाही. केस सरळ वाढणार की वळत वाढणार, हे त्वचेत रुतलेल्या मुळाच्या आकारावर ठरते, आणि त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तेलाने त्याचे घर्षण कमी होते, तो तुटायचा थांबतो, चमकतो; मात्र बाहेरून चोळलेले कोणतेही तेल त्याला जाड करू शकत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे सगळे मला नीट सांगता येते. आजीला मात्र ते मी कधी सांगितले नाही, कारण घाण्यावरचे करडईचे तेल कोमट करून ती लावायला बसली की तिचा हात बराच वेळ माझ्या डोक्यावर असे, आणि तो मला हवा असे.

पिंजारण्याचे कारण हवेत असते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात व वाळताना पुन्हा जुळतात. म्हणूनच ओल्या केसांना दिलेले वळण वाळल्यावर टिकते, आणि म्हणूनच इस्त्री फिरवून सरळ केलेले केस दमट हवेत गेले की तासाभरात आपल्या मूळ वळणावर येतात. जीनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ साली याच गुणाचा उपयोग करून हवेतली आर्द्रता मोजण्याचे उपकरण जगापुढे मांडले. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला तर ताणून धरलेला माणसाचा केस सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो, आणि ते लांबणे काट्यावर दिसते. पुढे दीर्घकाळ हवामान नोंदवणाऱ्या उपकरणांत खरोखरीचा केस ताणून बसवलेला असे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की कंगवा फिरवताच केस चटचट वाजत कंगव्यामागे उभे राहतात, आणि मृगाचा पहिला पाऊस जवळ आला की तेच केस वीतभर रुंद होतात. आजीचा माझ्या केसांवर विश्वास होता. "पोरीचे केस फुगायलेत, वाळवण आत घ्या," असे ती सुनांना सांगे.

या केसांचा गुंता होतो तो मानेपाशी, जिथे ते ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या कडेला दिवसभर घासत राहतात. बारीक केसांचा गुंता दाट असतो. दोन-चार दिवस हात लावला नाही तर त्याची गाठ वळते आणि मग ती बोटांनी सुटत नाही. लहानपणी तापातून उठल्यावर माझ्या मानेवर अशी गाठ झाली होती, तेव्हा शेजारच्या काकू आईला हळूच म्हणाल्या, "कापू नको बाई, देवीची जट असंल." आईने त्यांच्यासमोर मान डोलावली आणि त्या गेल्यावर खोबरेल तेल लावून, फणीच्या टोकाने एकेक केस सोडवत संध्याकाळपर्यंत ती गाठ मोकळी केली. आमच्या भागात ज्या बायकांच्या बाबतीत असे झाले नाही, त्यांना किलोच्या भाषेत मोजावी लागेल अशी जट मानेवर वागवत वर्षानुवर्षे जगावे लागले आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या अशा बायकांची समजूत काढून त्यांच्या जटा कापतात, तेव्हा ते काम कात्रीपेक्षा बोलण्याचे जास्त असते. माझ्या केसांत आणि त्या जटेत एका दुपारचे आणि थोड्या खोबरेल तेलाचे अंतर होते, हे मला फार पुढे उमगले.

लग्नानंतर मी लातूरला आले, आणि केसांच्या कहाणीत पाण्याचा प्रवेश झाला. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट पांढरी साय तयार होते आणि ती केसांवर बसते. जाड केसाला त्याचे फारसे काही वाटत नाही. बारीक केस मात्र त्या थराने खरखरीत होतो आणि आपल्या शेजारच्या केसाला धरून बसतो. शिकेकाई-रिठ्याचा फेस साबणासारखा या पाण्याशी भांडत नाही, हे जुन्या बायकांना अनुभवाने माहीत होते. अर्थात पाणी जड आहे ही तक्रार करायलासुद्धा आधी पाणी असावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणले गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घेणे हा घराघरांत हिशेबाचा विषय होता. टँकर कधी येणार, भांडी आधी की कपडे आधी, आणि या सगळ्यातून उरलेच तर बायकांचे केस. आमच्या गल्लीतल्या किती तरी जणींनी त्या वर्षी लांब केस खांद्यापर्यंत कापले आणि कारण विचारले की उन्हाळा म्हणून सांगितले. माझ्याकडे कापण्यासारखे काही नव्हते, एवढाच काय तो फायदा.

आजीकडे गंगावन होते. आताच्या मुलींनी ते पाहिलेले नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगते. साधारण हातभर लांबीचे, काळ्या केसांचे ते झुबकेदार शेपूट होते. वरच्या टोकाला काळ्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून त्याची बोंडाएवढी गाठ केलेली, आणि त्या गाठीपासून दोन बंद निघालेले. जुनी गंगावने वनगाईच्या शेपटीच्या केसांची असत, असे ती सांगे. आपल्या पांढरट होत चाललेल्या केसांची शेंडी ती डाव्या मुठीत धरी, बंद मुळाशी आवळी, तीन पेडांपैकी प्रत्येकात गंगावनाचा एकेक पेड मिसळी आणि बघता बघता वेणी जाड होई; मग त्या वेणीचा अंबाडा. रात्री झोपताना ते सोडायचे आणि आरशाशेजारच्या खुंटीवर टांगायचे. महिन्यातून एकदा रिठ्याच्या पाण्यात धुऊन ते अंगणातल्या दोरीवर, लुगड्याच्या शेजारी वाळत पडे. पाहुणे आले तरी ते खुंटीवरच असे. कोणी ते झाकले नाही, आणि कोणी त्याबद्दल कुजबुजले असेही मला आठवत नाही. पाटल्या काढून ठेवाव्यात तितक्या सहजपणे आजी आपले केस काढून ठेवी.

माझ्याकडे आज जे आहे त्याला हेअर एक्स्टेन्शन म्हणतात, आणि ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे, चेनच्या पिशवीत असते. निदान बरीच वर्षे ते तिथे होते.

ते घ्यायला मी छत्रपती संभाजीनगरला गेले, कारण लातुरात घेतले असते तर दुकानातच दोन विद्यार्थ्यांच्या आया भेटल्या असत्या. दुकानदार बाई आपल्या कामात तरबेज होती. मी विचारण्याआधीच तिने केस शिवलेल्या पट्ट्यातून एक केस उपसला आणि काडी ओढून पेटवला. तो चुरचुरत आखडला, ओळखीचा जळका वास आला आणि चिमटीत घेताच त्याची राख झाली. मग तिने स्वस्तातल्या पट्ट्यातला केस पेटवला, तो वितळला आणि टोकाला टणक काळा मणी झाला. पहिला माणसाचा, दुसरा प्लॅस्टिकच्या धाग्याचा. माणसाच्या केसांच्या संचाची किंमत ऐकून मी मनातल्या मनात महिन्याचा किराणा मोजला आणि तरीही तोच घेतला, कारण प्लॅस्टिकच्या केसाला ऊन, वाफ आणि इस्त्री यांतले काहीच सोसत नाही, आणि आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टींना तोटा नाही.

जोडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. टेपने चिकटवायचे, केराटिनच्या गोंदाने वितळवून जोडायचे, बारीक कड्यांत दाबून बसवायचे, किंवा क्लिपने लावून रात्री काढायचे. पार्लरमध्ये पहिल्या तीन प्रकारांचा आग्रह होतो, कारण ते महिनोन्‌महिने डोक्यावर राहतात आणि पुन्हा पुन्हा पार्लरला यावे लागते. टेप तर सहा ते आठ आठवड्यांनी काढून नव्याने लावावी लागते. बारीक केसांच्या बाईने यात घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजन शेवटी आपल्याच मुळांना तोलायचे असते. एका कडीत जेमतेम वीस-पंचवीस केस धरलेले असले आणि त्यांच्यावर रात्रंदिवस ओढ राहिली, तर आधी कानशिलापाशी दुखते, मग बारीक पुटकुळ्या येतात, मग तिथले केस जातात. ओढ लवकर थांबवली तर ते परत येतात, वर्षानुवर्षे राहिली तर मुळेच मरतात आणि ती जागा कायमची मोकळी होते. ज्या उणिवेसाठी हा खटाटोप करायचा, ती उणीव अशा रीतीने पैसे देऊन वाढवून घेण्यात अर्थ नाही. शिवाय टेपच्या गोंदाचे आणि तेलाचे वैर आहे. तेल मुळाशी गेले की टेप सुटते. रविवारी डोक्याला तेल लावू नका असे मराठवाड्यातल्या घरात सांगून पाहा.

म्हणून क्लिप. लावायची रीत अशी की कंगव्याच्या शेपटीने कानाच्या वरून आडवा भांग काढायचा, वरचे केस टोपासारखे गोळा करून डोक्यावर चिमट्यात अडकवायचे, आणि भांगाच्या रेषेवर मुळापाशी दोन-तीनदा उलटा कंगवा फिरवून केस थोडे विस्कटून घ्यायचे. गुळगुळीत बारीक केसावरून क्लिप घसरते. विस्कटलेल्या केसांत तिचे दात रुततात. इथे माझ्या केसांचा पिंजारण्याचा गुण आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला. क्लिप आत सारून दोन्ही टोके दाबली की टक्‌ असा आवाज येतो, आणि तो आवाज नीट आला नाही तर ती क्लिप भर कार्यक्रमात कानामागे लोंबायला लागते. मग वरचे केस खाली सोडायचे. रंग जुळवायचा तो आपल्या केसांच्या टोकांशी, मुळांशी नव्हे, कारण उन्हाने टोके नेहमी तांबूस झालेली असतात. रंगापेक्षाही अवघड असते ती पोत जुळवणे. दुकानात मिळतात ते बहुतेक केस सरळ, सळसळीत. त्यांच्याशी मेळ बसावा म्हणून बायका स्वतःच्या कुरळ्या केसांवर रोज इस्त्री फिरवतात आणि ते आणखी बारीक, आणखी तुटके करून घेतात. मी दुकानदार बाईंना लाटा असलेले, थोडे विस्कटलेले केस मागितले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. असे गिऱ्हाईक त्यांना सहसा भेटत नसावे. वास्तविक त्यांच्या दुकानापासून शंभरएक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातली एक स्त्री आरशात बघत प्रसाधन करते आहे, आणि अजिंठ्याच्या चित्रांतल्या कितीतरी सुंदऱ्यांच्या कपाळावर कुरळ्या, सुटलेल्या बटा आहेत. केस सरळ असले तरच ते नीट असतात, हा हट्ट आमच्या मातीतला नाही.

हे केस कोणाचे, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला. माझ्या लहानपणी दुपारच्या वेळी गल्लीतून "केसांवर फुगेऽऽ, केसांवर भांडीऽऽ" अशी आरोळी देत एक बाई येत असे. घरातल्या बायका रोजचे गुंतवळ भिंतीच्या फटीत किंवा पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवत, आणि ते तिच्या हाती दिले की पोरांना फुगा किंवा घराला स्टीलची वाटी मिळे. माझे गुंतवळ तिने एकदा तळहातावर घेऊन परत केले होते. "लई बारीक हायेत बाई, वजनच येईना." हे गुंतवळ गोळा होत होत कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, बंगालमधल्या मुर्शिदाबादला अशा गावी पोहोचते. कोप्पळ एकेकाळी आमच्यासारखेच निजामाच्या राज्यातले. तिथे बायका सुयांनी आणि बोटांनी ते सोडवतात, लांबीनुसार लावतात, जुड्या बांधतात. त्यात मूळ कुठले आणि टोक कुठले याचा मेळ उरलेला नसतो, आणि केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले उलटसुलट झाल्याने ते एकमेकांत अडकतात; मग आम्लात धुऊन खवले काढून टाकायचे आणि वर सिलिकॉनचा चकचकीत थर द्यायचा. पाच-सहा धुण्यांनंतर तो थर गेला की गुंता सुरू. दुसरे केस देवाचे. तिरुपतीला मुंडण करून वाहिलेले केस मुळापासून टोकापर्यंत एका दिशेने राहतात, म्हणून त्यांना भाव जास्त. देवस्थान त्यांचा लिलाव करते आणि आता तो ऑनलाइन होतो. बाजारात त्यांना रेमी म्हणतात. माझी धाकटी काकू नवस फेडायला तिरुपतीला जाऊन कंबरेपर्यंतचे केस देऊन आली, तेव्हा तिच्या डोक्याकडे पाहून घरातले सगळे हळहळले होते, ती सोडून. "देवाला दिलं, आता ते देव बघंल," असे म्हणून तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. माझ्या पिशवीतले केस कोणाच्या नवसाचे आहेत, कोणाच्या फुग्याचे आहेत, हे मला कळण्याचा मार्ग नाही. ते धुताना मात्र मी ते आपटत नाही.

लपवण्याच्या बाबतीत आपण मोठे विचित्र आहोत. लग्नात नवरीचा अंबाडा बघणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते की आत स्पंजचे कडे आहे, वर जाळी आहे, दोन्ही बाजूंनी उसन्या केसांच्या बटा सोडलेल्या आहेत, आणि हळदीच्या आदल्या दिवशी नवरीचे केस खांद्याच्या वरच होते. त्याला कोणी हसत नाही. तो साज असतो. तीच नवरी दोन वर्षांनी रोजच्या कामाला जाताना एखादा पट्टा लावून गेली, की तिचे पितळ उघडे पडल्यासारखे बोलले जाते. स्थळ बघताना "मुलीचे केस कसे आहेत" हा प्रश्न आमच्याकडे अजून जातो येतो, आणि तो प्रश्न ज्यांनी ऐकून घेतलेला आहे त्या बायका पुढे आयुष्यभर आरशात त्याचे उत्तर देत राहतात. आजीला केस कमी असल्याचे दुःख असेलही, पण ते कोणाला कळेल ही भीती नव्हती. माझ्या पिढीने दुःख निम्मे केले आणि भीती दुप्पट. वाऱ्यात क्लिप दिसेल का, कोणी पाठीवर हात ठेवताना पट्ट्याची शिवण लागेल का, स्कूटीवर हेल्मेट काढताना काय होईल. एक्स्टेन्शनचे खरे ओझे हे असते, शंभर ग्रॅमचे नव्हे.

ते ओझे माझ्या डोक्यावरून नववीच्या वर्गाने उतरवले. आर्द्रतेचा धडा चालू होता आणि मी सोस्यूर यांच्या केसाची गोष्ट सांगत होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने निरागसपणे विचारले, "मॅडम, तुमचे केस खरे आहेत का?" वर्गात एकदम शांतता. मी म्हणाले, "खरेच आहेत, फक्त सगळे माझे नाहीत." मग काड्यापेटी मागवली आणि दुकानदार बाईंचा प्रयोग वर्गात करून दाखवला, एक केस माझा, एक पट्ट्यातला, एक शिपाईमामांच्या झाडूतला प्लॅस्टिकचा. त्या दिवसानंतर शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे दोघींनी दुकानाचा पत्ता मागितला. त्यातल्या एकीचे केस मी बरीच वर्षे मनातून वाखाणत आले होते.

आता पुतणीचे लग्न ठरले आहे. तिचे केस हुबेहूब माझे, वहिनींच्या भाषेत आमच्या घराण्याची देणगी. पार्लरवाल्या ताईंनी तिला टेप लावून घ्यायचा आग्रह केला होता, तो मी मोडून काढला आणि माझे क्लिपचे पट्टे तिच्यासमोर ठेवले. वहिनींना ते काही पटत नव्हते. "सासरच्यांनी विचारलं म्हणजे?" पुतणी आरशात बघून पट्टा कानामागे लावून पाहत होती. "विचारलं तर सांगू, आत्याकडून उसने आणलेत," ती म्हणाली, आणि क्लिप टक्‌ करून बंद केली. वहिनींनी कपाळाला हात लावला. परत देताना शिकेकाईने धुऊन दे आणि बोअरच्या पाण्याला लावू नकोस, एवढेच मी तिला बजावले.